जुन्या खापरांतील दूध

काळी म्हणजे कसण्याची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची, हा भेद आम्हीं महसुली दप्तरांत वर्षानुवर्षें लिहिला. उजाड गांवाची पांढर खणून ती माती खत म्हणून शेतांत पसरण्याची चाल आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या मातीबरोबर खापरें येतात व तीं आपण बांधावर फेकून देतों. त्यांत कांहीं वाचण्यासारखें असेल, असें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें.

आतां तें वाचण्याची विद्या निघाली आहे. प्राचीन अवशेषांतील स्निग्ध पदार्थ, प्रथिनें व आनुवंशिक द्रव्य तपासणाऱ्या विद्वानांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. २०१८ सालीं जर्मनींतील येना येथें व २०२३ सालीं एस्टोनियांतील तार्तू येथें अशा परिषदा झाल्या. या विद्येंतील सर्वच भाग शेतकऱ्याच्या कामाचा नाहीं. दुधाचा शोध मात्र थेट आपल्या गोठ्यांतला आहे.

झिलई नसलेल्या मडक्यास सूक्ष्म छिद्रें असतात. दूध तापवितांना त्यांतील स्निग्धांश छिद्रांत मुरतो, आणि पाण्यांत विरघळत नसल्यामुळें हजारों वर्षें टिकूं शकतो. खापराचा वरचा थर खरवडून आंतील भाग कुटतात व रासायनिक द्रवानें तो अंश काढतात. मग प्रश्न असा कीं, ही चरबी मांसाची कीं दुधाची? कार्बनाचे जड व हलका असे प्रकार आहेत. रवंथ करणाऱ्या जनावराची कास स्टिअरिक आम्ल स्वतः बनवीत नाहीं. चाऱ्यांतून आलेलें घेते. त्यामुळें दुधांतील या आम्लांत हलक्या कार्बनाचें प्रमाण अंगच्या चरबीपेक्षां अधिक असतें. ब्रिस्टलच्या डड व एव्हर्शेड यांनीं ही खूण १९९८ सालीं प्रसिद्ध केली.

कच्छमधील कोटडा भडली या सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या हडप्पाकालीन खेड्यांतील ५९ खापरें याच रीतीनें तपासलीं गेलीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत कांहीं खापरांत दुधाचा अंश निश्चित मिळाला. त्याचें दही लावीत कीं तूप कढवीत, हें खापर सांगत नाहीं. परंतु दांतांच्या तपासणीवरून गाईम्हशींस भरड धान्याच्या जातीचा चारा मिळे व शेळ्यामेंढ्या रानांतील गवतावर असत, असा निष्कर्ष निघाला. गाईम्हशी मोठ्या वयापर्यंत ठेवीत. शेळ्यामेंढ्या बहुधा लहानपणींच मारीत. दुभत्या जनावरासाठीं वैरण राखणारा तो शेतकरी आम्हांस परका वाटला नाहीं.

आपल्या उष्ण हवेंत आनुवंशिक द्रव्य लवकर नासतें. हरियाणांतील राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकीं एकाच स्त्रीच्या सांगाड्यांतून तें कामापुरतें मिळालें, असें २०१९ सालीं जाहीर झालें. म्हणून येथें खापराचें मोल अधिक.

शिरूर तालुक्यांत घोड नदीकाठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें खणलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती अशाच टेकाडांत होती. पांढर खणूं नका, असें सांगणें सोपें आहे. ज्याचें रान हलकें, त्यास ती माती फुकटचें खत वाटते. पण थर एकदां मोडला कीं कोणतें खापर कोणत्या काळचें, हें कोणासही सांगतां येत नाहीं. तेव्हां खणतांना खापरें, हाडें किंवा राख लागल्यास फावडें थांबवावें व पुरातत्त्व खात्यास किंवा तहसील कचेरीस कळवावें. खापरें जेथें आहेत तेथेंच राहूं द्यावीं. हातांचा तेलकटपणा त्यांत उतरतो व तपासणी बिघडते. प्लास्टिकच्या पिशवींतूनही परकें द्रव्य त्यांस लागतें. धुणें तर नकोच.