अर्थशास्त्राची वाट गणिताच्या वर्गांतून

इंदापूर तालुक्यांत नीरेच्या कांठीं वसलेलें निरवांगी हें गांव मोठ्या विद्यापीठांपासून दूर असलें, तरी अर्थशास्त्राच्या विषयापासून मुळींच दूर नाहीं. कालव्याचें पाणी कोणाला किती मिळावें, उंसाचा भाव कोणत्या हिशेबानें ठरावा, एका पिकापायीं दुसरें सोडलें तर पदरांत काय पडेल, कर्ज केव्हां काढावें आणि केव्हां टाळावें, हे प्रश्न तेथें पुस्तकांतून येत नाहींत. ते ओट्यावर बसूनच बोलले जातात. अशा गांवांतील एखाद्या बुद्धिमान मुलाच्या अगर मुलीच्या मनांत अर्थशास्त्राचीच पदवी घ्यावी असें आलें, तर त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें निराळेंच. हा विचार मनांत पक्का होईपर्यंत त्या पदवीचीं कांहीं मोठीं दारें पुष्कळदां बंद होऊन गेलेलीं असतात. तीं कोणी शत्रूनें बंद केलेलीं नसतात. दोन वर्षांपूर्वीं अकरावीचा अर्ज भरतांना घरच्याच प्रेमळ सल्ल्यानें तीं लागलेलीं असतात. ही गोष्ट निरवांगीपुरती नाहीं. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही ती नित्य घडते. म्हणून ती नीट समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम असा प्रश्न येतो कीं, अर्थशास्त्रासारख्या माणसांच्या व्यवहाराच्या शास्त्राला गणित हवेंच कशाला? याचें उत्तर नीरेच्या खोऱ्यांतच सांपडतें. नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून वाहतो. पाणी थोडें आणि मागणारे फार, अशी तेथील स्थिति आहे. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत असलेले थोर स्थापत्यविशारद विश्वेश्वरय्या यांनीं यावर ‘ब्लॉक पद्धति’ नांवाची योजना आंखली. तिचें तात्पर्य असें, कीं उंसाला पाणी ठरावीक गटांत आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच द्यावें, व उरलेल्या क्षेत्रांत कमी पाण्याचीं पिकें फेरपालटानें घ्यावींत. ही योजना वरकरणीं पाटबंधाऱ्याची असली, तरी तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न शुद्ध अर्थशास्त्राचा आहे. पाण्याची एक जादा पाळी उंसाला दिली तर उत्पन्न किती वाढेल, आणि तीच पाळी ज्वारीला दिली तर किती वाढेल? ‘किती आहे’ यापेक्षां ‘आणखी एक दिलें तर किती वाढेल’ हा प्रश्न विचारणें म्हणजेच अर्थशास्त्राचा विचार करणें. आणि या वाढीच्या मापनालाच गणितांत कलनशास्त्र म्हणतात.

दुसरें उदाहरण भावाचें. उंसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार दरवर्षीं जाहीर करतें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं तो १०.२५ टक्के साखर-उताऱ्याला क्विंटलमागें ३५५ रुपये असा ठरला, आणि उतारा त्याहून जितका अधिक तितके प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढवून द्यावयाचे असा नियम झाला. आतां एखाद्या कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के निघाला, तर वाढ १ टक्क्याची, म्हणजे ०.१ च्या दहा पायऱ्यांची झाली. दहा पायऱ्यांचे ३४.६० रुपये मिळून दर ३८९.६० रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये होतो. तोडणी व वाहतुकीचा खर्च यांतून वजा होतो, तो निराळा. या हिशेबांत मूळ रक्कम, चढाचें प्रमाण आणि बदलणारा उतारा हे तीनही घटक आहेत. आलेखावर काढला तर तो सरळ रेषेचा चढ होय. जो हा चढ वाचूं शकतो, तो नियम बदलला तर कोणाला किती लाभ होईल हेंही सांगूं शकतो. जो वाचूं शकत नाहीं, त्याला दुसऱ्यानें सांगितलेल्या आंकड्यावर विसंबावें लागतें.

या विषयाची परंपराही महाराष्ट्राला परकी नाहीं. पुण्यांत १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना झाली व धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांमुळें शेतकऱ्यांच्या स्थितींत काय अंतर पडलें याची पाहणी त्यांनीं केली व तिचा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. कालव्याच्या कांठचें जीवन मोजमापानें समजून घेण्याची रीति त्यांत दिसते. ज्या मुलाच्या घरासमोरूनच कालवा वाहतो, त्याला अशा कामाची ओढ वाटावी हें स्वाभाविकच आहे.

आतां प्रवेशाकडे वळूं. देशांत अर्थशास्त्राच्या पदवीसाठीं अतिशय चुरस असलेलें एक ठिकाण म्हणजे दिल्ली विद्यापीठ. तेथील बी. ए. ऑनर्स अर्थशास्त्राचा प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशव्यापी सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतो. या प्रवेशासाठीं एक भाषा, गणित अथवा उपयोजित गणित, आणि आणखी दोन विषय अशा चार पेपरांचे गुण धरले जातात. गणित येथें ऐच्छिक नाहीं, तें अनिवार्य आहे. शिवाय परीक्षेचे विषय विद्यार्थ्यानें बारावीला घेतलेले असावेत असा त्या विद्यापीठाचा दंडक आहे. म्हणजे बारावीला ज्यानें गणित घेतलें नाहीं, त्यानें अर्थशास्त्र विषयांत शंभरापैकीं शंभर गुण मिळविले, तरी या अभ्यासक्रमाच्या रांगेंत त्याला उभेंच राहतां येत नाहीं.

येथें एक जुना समज आड येतो. ‘गणित सोड, म्हणजे टक्के वाढतील’ असा उपदेश घरोघर केला जातो. वाणिज्य शाखेंत गणिताऐवजीं चिटणिसाची कार्यपद्धति हा विषय घेण्याची चाल याच समजांतून रूढ झाली आहे. एके काळीं या समजाला थोडा आधार होता. २०२१ पर्यंत दिल्लीचे प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत, आणि त्या वर्षीं कांहीं महाविद्यालयांच्या कांहीं विषयांत कट-ऑफ शंभर टक्क्यांवर जाऊन भिडली होती. त्या काळांत एकेका टक्क्यासाठीं धडपड करणें समजण्यासारखें होतें. परंतु २०२२ नंतर ती रीत पालटली. आतां बारावीचे टक्के मुख्यतः समान गुणांच्या विद्यार्थ्यांत पुढेंमागें ठरविण्याच्या कामीं येतात. म्हणजे ज्या टक्क्यांसाठीं गणित सोडलें, त्या टक्क्यांचें मोल येथें जवळजवळ उरलें नाहीं, आणि सोडलेल्या गणितामुळें मात्र सारी वाटच अडली. सौदा असा दुहेरी तोट्याचा होतो.

यास्तव खरा निर्णय बारावीनंतरचा नसून दहावीनंतरचा आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. अर्जांत महाविद्यालय आणि शाखा यांचे पसंतिक्रम भरतांना पालकांनीं प्रथम एकच चौकशी करावी: या महाविद्यालयांत, या शाखेंत, गणित प्रत्यक्ष शिकविलें जातें काय? कला शाखेला गणित घेतां येतें, परंतु तें शिकविण्याची सोय सर्वत्र असतेच असें नाहीं. जवळ ती सोय नसेल, तर विज्ञान शाखेंत गणित घेऊन पुढें अर्थशास्त्राकडे वळण्यास कोणताही प्रतिबंध नाहीं. विज्ञान शाखेंतही जीवशास्त्रावर भर देऊन गणित टाकण्याची मुभा असते. तेथेंही सावध राहावें. कला व विज्ञान शाखांचा गणिताचा पेपर आणि वाणिज्य शाखेचा पेपर हे वेगळे असतात. वाणिज्याचा पेपर कोणत्या विद्यापीठांत कसा धरला जातो, हें त्या त्या वर्षींच्या माहितीपत्रकांत आधींच पाहून ठेवावें.

दुसरी सावधगिरी अभ्यासक्रमाची. सीयूईटीचे विषयवार प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आधारलेले असतात. आपलीं मुलें मात्र बालभारतीचीं पुस्तकें वाचतात. दोहोंत पुष्कळ भाग समान असला, तरी मांडणी व क्रम सारखा नाहीं. अकरावीच्या सुट्टींतच एनसीईआरटीचें गणित व अर्थशास्त्र यांचीं पुस्तकें समोर ठेवून उरलेलीं प्रकरणें निवडावींत, म्हणजे बारावीच्या शेवटीं धांदल उडत नाहीं. परीक्षा संगणकावर होते. २०२५ पासून प्रत्येक पेपरांत ५० प्रश्न व ६० मिनिटें अशी रचना असून सर्व प्रश्न अनिवार्य झाले. बरोबर उत्तरास ५ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण कापला जातो. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ. येथें ज्ञानाइतकाच सरावही लागतो. प्रश्नपत्रिका ज्या १३ भाषांतून मिळते, त्यांत मराठी आहे. परंतु पुढें दिल्लीचें शिक्षण मुख्यतः इंग्रजींतून असतें, हें ध्यानांत ठेवून दोन वर्षें इंग्रजी वाचनाची संवय लावावी.

तिसरी सावधगिरी दाखल्यांची. आणि खेड्यांतील मुलें येथेंच अधिक ठेंचाळतात. केंद्रीय विद्यापीठाला राज्याच्या नमुन्यांतील दाखला चालत नाहीं. केंद्राच्या नमुन्यांतील, चालू आर्थिक वर्षांतील नॉन-क्रीमी लेअर अगर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हवा असतो. राज्याची सूची आणि केंद्राची सूची याही एक नाहींत. उदाहरणार्थ, महाराष्ट्रांत भटक्या जमातींच्या सूचींत असलेला धनगर समाज केंद्राच्या सूचींत इतर मागासवर्गांत मोडतो. २०२५ मध्यें ही परीक्षा १३ मे रोजीं सुरू झाली. अशा वेळापत्रकांत निकालानंतर दाखल्यासाठीं धांवणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय. एप्रिल उजाडतांच तहसील कचेरीकडे अर्ज द्यावा. दरवर्षींच्या तारखा मात्र त्या वर्षींच्या अधिकृत घोषणेवरूनच घ्याव्यात.

परीक्षेनंतर दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशपटावर अभ्यासक्रम व महाविद्यालय यांच्या जोड्यांचा पसंतिक्रम भरावा लागतो. चार नामांकित नांवें लिहून थांबणें हा येथील नेहमींचा अपघात. यादी लांब असावी आणि क्रम मनापासूनचा असावा. एका दारावर सारी आशाही टांगूं नये. पुण्याच्या गोखले संस्थेनें अलीकडच्या वर्षांत पदवीचाही अभ्यासक्रम सुरू केला आहे, आणि त्यांत गणित व संख्याशास्त्र यांना मोठें स्थान आहे. परदेशाचा विचार करणाऱ्यांना तर हीच गोष्ट अधिक कडकपणें भेटते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अर्थशास्त्राच्या पदवीसाठीं गणितांत उच्च श्रेणी लागते. केंब्रिजला गणिती विचारशक्तीची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते. ब्रिटनच्या अर्जांत २०२६ च्या प्रवेशापासून विद्यार्थ्याला तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं लागतात: हा विषय कां, शिक्षणानें तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलें. या तिसऱ्या प्रश्नाला निरवांगीच्या मुलापाशीं पाण्याच्या पाळ्यांची वही आणि उंसाच्या बिलांचा हिशेब हें अस्सल उत्तर असूं शकेल. मात्र पहिल्या दोन पायऱ्या चढल्या असतील, तरच तें कोणी वाचील.

विषयाच्या निवडीनें आयुष्याला कसें वळण लागतें, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेंत संस्कृत शिकण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून तो विषय त्यांना नाकारला गेला आणि पर्शियन घ्यावी लागली. पुढें सयाजीराव गायकवाडांनीं दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या साहाय्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले व १९१२ सालीं अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले. १९१३ सालीं ते कोलंबिया विद्यापीठांत गेले, १९१५ सालीं एम. ए. झाले, लंडनचा अभ्यास १९१७ सालीं शिष्यवृत्ति संपल्यामुळें अर्धा सोडून परतावें लागलें, तरी १९२० सालीं पुन्हां जाऊन १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधानें त्यांनीं डी. एस्‌सी. मिळविली. त्यांच्यापुढें एक विषय इतरांनीं बंद केला होता. आज कायद्यानें कोणताही विषय कोणास बंद नाहीं. असें असतां भीतीपोटीं आपण होऊन विषय टाकणें, याहून मोठी उधळपट्टी कोणती?

ज्यांच्या हातून गणित सुटून गेलें आहे, त्यांनींही निराश होण्याचें कारण नाहीं. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या, १९६२ पासून चालत आलेल्या, जवळच्या संस्थांतून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. होण्याचा मार्ग सन्मानाचाच आहे. परंतु पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांत गणित व संख्याशास्त्र पुन्हां समोर येतात. म्हणून त्या तीन-चार वर्षांत रोज एक तास गणिताला द्यावा. उशिरां शिकलेलें गणितही गणितच असतें.

गणित कठीण आहे, हें खरें. पण कठीण म्हणून तें सोडण्यापूर्वीं, त्याच्याबरोबर काय काय सुटतें याची यादी घरांत एकदां मोठ्यानें वाचली जावी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती यादी ठाऊक नसते. ती त्याला सांगणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे, आणि तें काम दहावीच्या निकालाच्या आठवड्यांतच व्हावयास पाहिजे.