बीपी नसताना बीपीची गोळी?

दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामाला पंधरा वर्षांपासून डायबेटीस. लघवीत प्रोटीन सापडलं म्हणून डॉक्टरांनी एक नवीन गोळी दिली. मेडिकलवाला म्हणाला, "ही बीपीची." झालं! "मला बीपी नाही, मग ही कशाला?" म्हणून मामाने ती परस्पर बंद केली. वर मलाच प्रश्न, "तू इंजिनीअर होणार ना, सांग बघू!" मला सांगता येईना. मग वाचायला बसलो.

मित्रांनो, आपल्या प्रत्येक किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म फिल्टर असतात. डायबेटीसमध्ये या फिल्टरचा इनलेट जास्त उघडतो आणि आउटलेट मात्र अँजिओटेन्सिन-२ या रसायनामुळे आवळलेला राहतो. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्यांना पुढचं सांगायला नकोच! आतलं प्रेशर वाढतं, जाळी हळूहळू खराब होते आणि प्रोटीन गळू लागतं. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी नॉर्मल असलं तरी हे होऊ शकतं.

हे लक्षात आलं उंदरांमुळे. अमेरिकेत बॅरी ब्रेनर यांच्या गटाने स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन उंदरांना डायबेटीस केला. या औषधाने इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. त्यातल्या काही उंदरांना एनालाप्रिल दिलं. ही गोळी अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ देत नाही, त्यामुळे आउटलेट सैल होतो. गंमत म्हणजे रक्तातली साखर दोन्ही गटांत सारखीच वाढलेली होती. तरीही औषध घेणाऱ्या उंदरांच्या फिल्टरमधलं प्रेशर उतरलं आणि किडनी वाचली. हा निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे १९९३ मध्ये टाइप-१ डायबेटीसच्या ४०९ रुग्णांवरील चाचणीत, याच जातीच्या कॅप्टोप्रिलने मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलण्याचा धोका निम्म्यावर आणला. टाइप-२ मध्ये अँजिओटेन्सिनलाच अडवणाऱ्या लोसार्टनचा फायदा २००१ मध्ये दिसला.

अर्थात उंदराला लागू पडलेलं प्रत्येक औषध माणसाला लागू पडतंच असं नाही. बार्डोक्सोलोनने तर माणसांवरच्या छोट्या चाचणीतही आशा दाखवली होती. पण हार्ट फेल्युअरचं प्रमाण वाढल्यामुळे २०१२ मध्ये मोठी चाचणी थांबवावी लागली. म्हणूनच उंदीर ही फक्त पहिली पायरी.

मामाला फोन करून सगळं सांगितलं. तो डॉक्टरांकडे गेला, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून गोळी पुन्हा सुरू झाली. तुमच्याही घरी कुणी अशी गोळी बंद केली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.