गॅस भरण्याआधी क्लच पाहा

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो. इंजिन सुरू असेपर्यंत कॉम्प्रेसरची पुली फिरतच असते. आतला दांडा मात्र एसीचे बटण दाबल्यावरच फिरू लागतो. पुली आणि दांडा यांची ही गाठ घालून देतो मॅग्नेट क्लच. पुलीमागे तांब्याच्या तारेची स्थिर कॉइल असते, पुढे दांड्यावर बसवलेली पोलादी प्लेट. कॉइलमध्ये वीज आली की प्लेट खेचली जाऊन पुलीला घट्ट चिकटते आणि कॉम्प्रेसर सुरू होतो.

हवा गार येईनाशी झाली की बहुतेक वेळा ‘गॅस संपला’ म्हणत थेट गॅस भरण्याकडे वळले जाते. हे चुकीचे आहे, कारण क्लच लागतो की नाही एवढे पाहिले तरी तपासाची दिशा ठरते. बॉनेट उघडून, इंजिन, ब्लोअर आणि एसी सुरू करून टॉर्चच्या उजेडात कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे पाहावे. सैल बाही, ओढणी आणि बोटे बेल्टपासून लांब हवीत. ‘कट्’ असा आवाज होऊन पुढची प्लेट पुलीबरोबर फिरू लागली, तर क्लच लागला. पुली फिरते पण प्लेट स्थिर, तर लागला नाही. काही नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्रेसरला असा क्लच नसतोच आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो. त्यांना ही परीक्षा लागू नाही.

क्लच लागत नसेल, तर पुढचा प्रश्न: कॉइलपर्यंत वीज पोचते का? एसी सुरू असताना कनेक्टरवर सुमारे १२ व्होल्ट मिळायला हवेत. हे मोजमाप कनेक्टर जोडलेला ठेवून घ्यावे, किंवा टेस्ट लॅम्प लावावा. गंजलेली वायर रिकामी असताना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि भार पडताच बसते. वीज येतच नसेल, तर फ्यूज पाहावा, मग रिले. फ्यूजबॉक्समधला तसाच दुसरा रिले बदलून लावला की शंका लगेच मिटते. त्यानंतर प्रेशर स्विचची पाळी. गॅस फार कमी झाला, तर हा स्विच कॉम्प्रेसर जळू नये म्हणून वीज तोडतो, म्हणजे क्लच ठणठणीत असूनही लागत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना, ३० अंश तापमानाला, आर-१३४ए गॅसच्या सिस्टीममध्ये सुमारे ९५ ते १०० पीएसआय दाब असतो. त्याहून बराच कमी भरला, तर गळती आहे. दाब बरोबर असला, तरी गॅस पुरेसा आहे असे मात्र त्यावरून ठरत नाही.

वीज येते आणि तरीही प्लेट हलत नाही, तर कॉइलचा रोध मोजावा. साधारणपणे तो ३ ते ५ ओहम असतो. अनंत आला तर तार तुटली, शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट.

सगळ्यात चकवणारा बिघाड मात्र वेगळाच. सकाळी एसी छान चालतो, दुपारच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने बंद पडतो आणि गाडी गार झाली की पुन्हा सुरू होतो. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो, म्हणून अशा ग्राहकाला विनाकारण गॅस भरून दिला जातो. कारण असते प्लेट आणि पुली यांच्यातली फट. अनेक गाड्यांत ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. घर्षणाने झिजून ती वाढते. त्यातच कॉइल २० अंशांवरून १०० अंशांवर गेली की तांब्याचा रोध सुमारे ३० टक्के वाढतो, प्रवाह जवळपास पाव हिश्श्याने घटतो आणि चुंबकाची ओढ वाढलेल्या फटीला पुरत नाही. इंजिन बंद करून फीलर गेज सरकवले की दोष उघड होतो. प्लेटमागची पातळ वॉशर काढून किंवा बदलून फट कमी करता येते. प्लेट घसरत असेल, तर जळका वास येतो आणि तिच्यावर निळसर डाग दिसतात; तिथे वॉशरने भागत नाही.

आवाजही बोलका असतो. एसी बंद असताना घरघर येते आणि सुरू केल्यावर थांबते, तर पुलीचे बेअरिंग गेले आहे. एसी सुरू केल्यावरच खडखड होते, तर संशय कॉम्प्रेसरच्या आतल्या भागांवर जातो. इंजिन बंद असताना प्लेट हाताने फिरायला हवी. ती जाम असेल, तर कॉम्प्रेसरच अडकला आहे आणि नवा क्लचही टिकणार नाही.

कॉइल, प्लेट आणि पुली अनेक मॉडेलसाठी सुट्या मिळतात आणि जागा असेल, तर गॅस न काढता बसवता येतात. त्यामुळे अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगितले, तर क्लच वेगळा मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे.