बैठक किती खोल?

(ताकदीचा व्यायाम : भाग ६)

मागच्या भागात बारबेल खांद्यावर नेमका कुठे टेकवायचा ते पाहिलं. आता त्याखाली बसायचं किती? बारला दोन्ही बाजूंनी भरपूर प्लेट लावायच्या, चार-सहा इंच खाली जायचं आणि वर यायचं, हे जिममध्ये रोज दिसतं. तेवढ्यानेही मांडीला काम मिळतं. पण नितंबात आणि मांडीच्या आतल्या बाजूला जे आहे, ते बहुतेक तसंच राहतं.

खाली बसताना गुडघा आणि खुबा दोन्ही वाकतात. गुडघा सरळ करायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं, खुबा सरळ करायचं काम मुख्यतः नितंबाच्या मोठ्या स्नायूचं. जितकं खोल बसाल तितका खुबा मिटतो, नितंबाचा स्नायू ताणला जातो आणि त्या ताणलेल्या अवस्थेतूनच त्याला सगळं वजन वर ढकलावं लागतं. मांडीच्या आतल्या बाजूचे ॲडक्टर स्नायू आपण मांड्या जवळ आणणारे म्हणून ओळखतो. खोल बैठकीतून उठताना मात्र तेही खुबा सरळ करायला जोर लावतात.

जपानमधल्या केइतारो कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९चा प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. १७ पुरुष, १० आठवडे, आठवड्यातून दोन दिवस. एका गटाने गुडघा ९० अंश वाकेपर्यंत बैठका मारल्या, दुसऱ्याने १४० अंशांपर्यंत. मग एमआरआयने स्नायूंचं आकारमान मोजलं. मांडीच्या पुढच्या भागात दोन्ही गटांची वाढ जवळजवळ सारखीच, पाच टक्क्यांच्या आसपास. नितंबाचा स्नायू मात्र अर्ध्या बैठकीत २.२ टक्के, पूर्ण बैठकीत ६.७ टक्के वाढला. ॲडक्टरमध्ये हेच आकडे २.७ आणि ६.२.

आणि मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग? दोन्ही गटांत वाढ नाही. हा स्नायू खुबा आणि गुडघा दोन्हींवरून जातो. बसताना तो खुब्यापाशी ताणला जातो तेव्हाच गुडघ्यापाशी सैल होतो, म्हणून त्याची लांबी फारशी बदलत नाही. मांडीच्या मागच्या बाजूसाठी नुसत्या स्क्वॉटवर विसंबू नका. डेडलिफ्टसारखे व्यायाम वेगळे करावेच लागतात.

खोल बसल्याने गुडघे जातात, ही भीती मोठ्या प्रमाणावर पसरली ती १९६१ साली, टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांच्या निष्कर्षांनंतर. गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या अभ्यासांत निरोगी गुडघ्यांबाबत ते टिकलं नाही. आपल्या तालमींत तर पैलवान टाचांना नितंब टेकेपर्यंत शेकड्यांनी बैठका मारत आलेत. अर्थात त्यात खांद्यावर बार नसतो, टाचा उचललेल्या असतात आणि गुडघे बरेच पुढे जातात. तालमीतली बैठक म्हणजे बारबेल स्क्वॉट नव्हे, हेही ध्यानात ठेवावं.

खोली वाढवायची तर वजन उतरवावं लागतं. इथेच बहुतेकांचं मन अडतं. माझा आग्रह आहे की उतरवा. कंबर गोल न होता, टाचा जमिनीवर ठेवून जिथवर जाता येतं तिथवर जा. गुडघ्याला आधीची दुखापत असेल, तर खोली डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा. टाचा उचलल्याशिवाय खाली बसताच येत नसेल, तर बहुधा घोटा अडतो आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.