चारशे किलोंचा कारभार

अमेरिकेतील मार्क थॉर्प या गृहस्थाने १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे यंत्रमानवांची पहिली ‘रोबोट वॉर्स’ भरविली आणि पुढे १९९८ पासून बीबीसीने त्याच नावाने त्या लढाया दूरचित्रवाणीवर दाखविल्या, तेव्हा ज्यांच्या घरी वेल्डिंगचे यंत्र नव्हते आणि खिशात मोटारी मोडण्याइतका पैसा नव्हता अशा असंख्य उत्साही मंडळींच्या वाट्याला केवळ प्रेक्षकपण आले. त्यांची उणीव २००३ साली निघालेल्या ‘रोबोट अरिना २’ या संगणकीय खेळाने पुष्कळ अंशी भरून काढली. या खेळात आयता रोबो निवडावयाचा नसून स्वतःचा घडवावयाचा असतो : आधी तळपट्टीचा आकार आखावा, त्याला उंची द्यावी, चिलखताचा धातू व जाडी ठरवावी, आत नियंत्रक, बॅटऱ्या आणि मोटारी मांडाव्या, बाहेर चाके व शस्त्रे जोडावी, आणि कोणत्या कळीने काय हलावे याची तरतूद करून मग आखाड्यात उतरावे. त्यापुढे ‘हॅवॉक’ नावाची प्रणाली भौतिकशास्त्राचे नियम लावून निकाल देते, आणि तिच्यापाशी वशिला चालत नाही.

नियम मुख्यतः एकच, तो वजनाचा. हलक्या गटास २५०, मध्यम गटास ४०० आणि अवजड गटास ८०० किलोंची मर्यादा असल्यामुळे रोबोची रचना सुधारणे हा वस्तुतः जमाखर्चाचा मामला ठरतो. एका खात्यावर काही वाढवावयाचे तर दुसऱ्या खात्यातून तितकीच वजावट करावी लागते, आणि तगाई मिळण्याची सोय नाही. मध्यम गटातील, पुढे उभे फिरणारे पाते असलेला दोन चाकांचा रोबो उदाहरणादाखल घेऊ. नवशिक्याच्या हातचा असा रोबो बहुधा उंच, जाड पोलादी चिलखताने लादलेला आणि शक्य तेथे शस्त्रे खोचलेला असतो. तो हरला की त्याचा धनी आणखी एक शस्त्र बसवितो. माझ्या मते सुधारणेचा आरंभ नेमका उलट टोकाने, म्हणजे चाकांपासून, झाला पाहिजे; कारण हे रोबो पुष्कळदा मोडून हरत नाहीत, हलता न आल्यामुळे हरतात.

चाकांची पकड ही त्यांच्यावर टेकलेल्या वजनावर अवलंबून असते. पुढची पाचर जमिनीला इतकी दाबून बसविली की निम्मा भार तिच्यावरच टेकला, तर ढकलण्याची निम्मी शक्ती वाया गेली असे समजावे. त्यावर अधिक ताकदीची मोटार बसविल्यास चाके जागच्या जागी घसरण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. म्हणून पाचर जमिनीला घासेल न घासेल इतकी खाली, आणि भार शक्य तितका चाकांवर, असा मेळ घालावा लागतो. सांगाडा बसका केला की चिलखताचे क्षेत्रफळ आपोआप घटते, आणि वाचलेले वजन अन्यत्र खर्चावयास मोकळे होते. शिवाय चाकांचा व्यास सांगाड्याच्या उंचीहून अधिक ठेवला, तर रोबो पालथा पडला तरी चालू शकतो. येथे एक गंमत आहे. कुशीवरून पालथ्या झालेल्या रोबोला ‘पुढे’ असा हुकूम दिला की तो मागे जातो, वळणे मात्र पूर्वीसारखीच घेतो. आणि प्रतिस्पर्ध्याला वर उचलणारे पाते आता त्याला खाली रेटू लागते, त्यामुळे उलट प्रतिक्रियेने आपलाच पुढचा भाग उचलला जातो. सबब पात्याची मोटार दोन्ही दिशांनी फिरेल अशी कळ आरंभीच जोडून ठेवावी.

पात्याचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. तेच पाते दुप्पट वेगाने फिरविले तर त्यात साठणारी ऊर्जा चौपट होते, हे ऐकून नवशिक्याचे डोळे चमकतात. परंतु तीच मोटार ती ऊर्जा भरावयास सुमारे चौपट वेळ घेणार, हे त्याच्या ध्यानी येत नाही. बारा सेकंदांनी पूर्ण वेगास पोचणारे शस्त्र, तीन सेकंदांत अंगावर येणाऱ्या शत्रूपुढे शोभेचे ठरते. दुसरी गोष्ट दात्यांची. पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, त्याला दोन दाते असतील आणि शत्रू सेकंदाला तीन मीटर या वेगाने येत असेल, तर एक दाता गेल्यावर दुसरा येईपर्यंत तो अवघा तीन सेंटिमीटर आत सरकतो. दाता एकच ठेवला तर सहा. जितका तो आत येईल तितका घाव खोल, आणि दाते वाढविले तर पाते नुसते खरवडीत बसते. एकच दाता ठेवताना विरुद्ध बाजूस समतोलासाठी भार द्यावा लागतो, एवढेच. शिवाय वेगाने फिरणारे उभे पाते घेऊन रोबो झटकन वळला की त्याचे एक चाक जमीन सोडते. त्यावर उपाय म्हणजे चाके एकमेकांपासून लांब बसविणे, किंवा वेगाचा थोडा मोह आवरणे.

बॅटरीच्या बाबतीत दोन आकडे वेगळे ओळखावे : ती एका वेळी किती वीज देऊ शकते, आणि एकूण किती साठवते. पहिला अपुरा असला तर पाते आणि चाके एकमेकांच्या तोंडचा घास काढतात. दुसरा गरजेहून मोठा असला तर सामना संपल्यावरही शिल्लक राहणारी वीज आपण उगाच पाठीवर वाहत असतो.

हे सर्व एका दमात बदलणारे पुष्कळ असतात, आणि मग रोबो सुधारला तरी कशामुळे सुधारला हे त्यांना कळत नाही. एका वेळी एकच फेरफार करावा, त्याच प्रतिस्पर्ध्याशी अनेक सामने खेळावे, आणि निकालापेक्षा हरण्याच्या कारणाची नोंद ठेवावी; कोणता जोड पहिल्यांदा तुटला, पाते किती वेळ पूर्ण वेगात होते, चाके अधांतरी किती वेळ राहिली. एका दांड्याच्या टोकाला तीन शस्त्रे जोडली असतील तर तो दांडा तुटताच तिन्ही जातात, ही गोष्ट अशा दप्तरातूनच लक्षात येते.

अर्थात संगणकाने चालविलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हे दप्तर रचले असेल तर ते अपुरे राहते, कारण तो बहुधा सरळ समोरून चाल करून येतो आणि आपल्या पात्यावर स्वतःच आदळतो. दुसऱ्या बाजूला माणूस बसला की तो वळसा घालतो, आपण वळेपर्यंत पिछाडी गाठतो आणि चाकांखाली पाचर घालून भिंतीपर्यंत ढकलीत नेतो. मग मागच्या बाजूसही एक लहानशी पाचर हवी असे ठरते, आणि तिच्यासाठी लागणारे पंधरा किलो पात्यातून काढावयाचे की चिलखतातून, हा वाद सुरू होतो. चिलखतातून काढावे, असे माझे मत आहे. पाते हलके केले तर पुन्हा दात्यांपासून सारे गणित मांडावे लागेल.