अंग बाहेर येते? लाजेपायी सोसत राहू नका

संक्रांतीचे हळदीकुंकू होते. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीतही एका ओळखीच्या घरी पंधरा-वीस मराठी बायका जमल्या होत्या. सगळ्या सतरंजीवर बसलेल्या. साठीच्या एक काकू मात्र दाराशी उभ्या. ‘‘बसा ना,’’ म्हटले की ‘‘नको गं, गुडघे दुखतात,’’ म्हणायच्या. खोकल्याची उबळ आली की पटकन पाय जुळवून भिंतीला टेकायच्या. खरे कारण त्यांनी नंतर स्वयंपाकघरात, बेसिनचा नळ सोडून, हळूच सांगितले, ‘‘अगं, माझं अंग बाहेर येतं. आठ वर्षं झाली. सुनेला कसं सांगू?’’

आठ वर्षे! दाढ दुखली असती तर आठ दिवसही थांबल्या नसत्या.

अंग बाहेर येणे म्हणजे काय? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक झोळीसारखा पडदा असतो. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. हा पडदा आणि गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल पडले की अवयव खाली सरकतात. कधी गर्भाशय उतरते, कधी योनीच्या पुढच्या भिंतीतून लघवीची पिशवी फुगून येते, कधी मागच्या भिंतीतून गुदाशय. आतड्याचा भाग खाली उतरला तर तो एक प्रकारचा हर्नियाच. पुरुषांच्या हर्नियाबद्दल घरात उघडपणे बोलले जाते, बाईच्या या दुखण्याबद्दल मात्र कुजबुजही होत नाही.

सुरुवातीला ओटीपोटात जडपणा वाटतो, काहीतरी खाली ओघळते आहे असे भासते. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी त्रास वाढतो, आडवे पडले की बरे वाटते. काहींना खोकताना-हसताना लघवी होते, तर काहींना गोळा बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवीच होत नाही. बाहेर आलेला भाग कपड्यांना घासून जखमही होते. हा कर्करोग नव्हे, ही भीती मनातून काढून टाका. पण पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर मात्र एक दिवसही न दवडता डॉक्टरांना दाखवा.

सर्वात मोठे कारण बाळंतपण. फार वेळ चाललेली प्रसूती, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधीच द्यायला लावलेल्या कळा, चिमटा लावून केलेली सुटका, पाठोपाठची बाळंतपणे. त्यात विश्रांती नाही. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत आजही बायका डोक्यावर चाऱ्याचा भारा वाहताना दिसतात. आपल्याकडे पाण्याचे हंडे आहेतच. पाळी गेल्यावर संप्रेरके कमी होतात आणि इतकी वर्षे तग धरलेले बंध ढिले पडतात. जुनाट बद्धकोष्ठता, लठ्ठपणा आणि सतत खोकला यांनी भर पडते. दिल्लीच्या हिवाळ्यातली हवा पाहता खोकला इकडे किरकोळ समजून चालत नाही.

हा संकोच केवळ काकूंचा नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के!

उपाय म्हटला की ‘पिशवी काढून टाका’ एवढेच बायकांना ठाऊक असते. वास्तविक प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही. त्रास सौम्य असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करावा. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. वारा सरताना आपण जसे रोखून धरतो, तसे स्नायू आत ओढायचे, पाच आकडे मोजायचे, सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखू नये आणि लघवी अडवून सराव करू नये.

दुसरा उपाय रिंगचा. सिलिकॉनची ही कडी डॉक्टर मापाने योनीत बसवतात, ती अवयवांना टेकू देते. दर काही महिन्यांनी तपासून, स्वच्छ करून घ्यावी लागते.

शस्त्रक्रिया लागलीच तरी गर्भाशय काढणे हा एकमेव मार्ग नाही. गर्भवतीच्या ‘शिरोडकर टाक्या’मुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी खाली उतरलेले गर्भाशय पट्टीने माकडहाडाच्या वरच्या हाडाला टांगून ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांचीही अशी पद्धत आहे. ज्यांना अजून मूल हवे आहे अशा तरुण स्त्रियांसाठी या पद्धती मोलाच्या ठरल्या. शिवाय गर्भाशय काढले तरी पुढे योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो, हे फार कमी जणींना सांगितले जाते. योनीमार्गे कृत्रिम जाळी बसवण्याचे नाव कोणी काढले तर धोके नीट विचारून घ्या; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या आजारासाठी अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली.

डॉक्टरांकडे जाताना बाळंतपणे किती व कशी झाली, लघवी-शौचाचा त्रास, पाळी कधी गेली, हे कागदावर लिहून न्या. ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते.

काकूंना शेवटी सूनच घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रिंग बसवली, खोकल्याचे औषध दिले. घरी येताना रिक्षात सून म्हणाली, ‘‘आई, माझ्या बाळंतपणानंतर मलाही खाली जड वाटतं. मी तुम्हाला कसं सांगू म्हणून गप्प होते.’’ पुढच्या तारखेला दोघींनी मिळून केसपेपर काढला.