सुटलेल्या नावाचा भाव

फोन फेब्रुवारीत आला, दिवेलागणीला. "आमचं नाव तुमच्याकडे गेलंय म्हणतात," एवढं बोलून पलीकडचा माणूस थांबला. देवगडकडचे बागायतदार. त्यांच्या वाडीचं नाव, त्याला जोडून हापूस आणि मग डॉट कॉम, हे १४ वर्षं त्यांच्या पेटीवर छापलं जात होतं. आता ते नाव उघडलं की 'विक्रीस आहे' असं पान येत होतं आणि त्या पानावर माझा नंबर होता.

मी पुण्यात हेच काम करतो. मुदत संपून सुटलेली डोमेन नावं पकडायची, सांभाळायची, ज्याला हवं त्याला विकायची. हे नाव जानेवारीत माझ्याकडे आलं, पैसे भरून, नियमाने.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

"काका, उद्या सांगतो," मी म्हणालो. एरवी मी भाव लगेच सांगतो. पण जुना मालक स्वतः मागायला आला की रात्रभर तरी विचार करावा लागतो.

डॉट कॉम नाव मुदत संपली त्याच दिवशी हातचं जात नाही. आधी रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते. मग रजिस्ट्रारने नाव काढून टाकलं की ३० दिवसांचं रिडम्प्शन, म्हणजे सोडवणुकीची मुदत. त्या काळात फक्त जुना मालकच ते सोडवू शकतो, तेही दंड भरून. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि शेवटी नाव मोकळं होतं. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साधारण साडेबारा वाजलेले असतात. मागणी असलेलं नाव सेकंदाच्या आत जातं. ते हाताने टाइप करून मिळत नाही, आधीच बॅकऑर्डर, म्हणजे आगाऊ मागणी, लावून ठेवावी लागते.

म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ८० दिवस. मुदतीच्या आधी साधारण महिनाभर एकदा, आठवडाभर एकदा आणि संपल्यावर पाच दिवसांत पुन्हा एकदा कळवायचं, असा डोमेन नावांचं नियमन करणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे. तिन्ही मेल गेले होते, पण काकांच्या पुतण्याच्या कॉलेजातल्या जुन्या पत्त्यावर. वेबसाइट त्यानेच हौसेने करून दिली होती, आता तो परदेशात आहे आणि तो पत्ता कोणी उघडत नाही. मुदत ऑक्टोबरात संपली. ऑक्टोबरात कोकणात भातकापणी चालू असते, आंब्याची वेबसाइट कोण बघतं? फेब्रुवारीत छापखान्यातून नव्या पेट्या आल्या, तेव्हा सुनेने पेटीवरचं नाव सहज मोबाइलवर टाकून पाहिलं.

हे विसरणं भल्याभल्यांच्या हातून होतं. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलच्या लोकांना लॉग-इन करता येईना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. कंपनीने नंतर त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला. कोणी न मागता, समोरच्याने आपणहून ठरवलेला भाव म्हणून तो आकडा माझ्या लक्षात राहिला आहे.

त्या रात्री वही घेऊन बसलो. बॅकऑर्डर आणि वर्षाची फी धरून माझे ५,८०० रुपये गेले होते. दुसरा आकडा बाजाराचा. गावाचं नाव आणि त्यापुढे हापूस किंवा काजू, अशी नावं मी २५ ते ४० हजारांना विकली आहेत. तिसरा आकडा गरजेचा. पेट्या छापून झाल्या आहेत, नाव बदलायचं तर प्रत्येक पेटीवर स्टिकर, नवी कार्डं, नवा मेल, आणि हंगाम तोंडावर. या आकड्याला वरची मर्यादा नसते. जुन्या मालकाकडून तोच घ्यायचा, हे या धंद्यात अनेक जण उघड सांगतात.

कायद्याचाही एक आकडा आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका परीक्षकापुढे तक्रार करायची, तर फीच १,५०० डॉलर, वकील वेगळा. म्हणून काही विक्रेते भाव मुद्दाम त्याच्या खाली ठेवतात. भांडण्यापेक्षा देणं स्वस्त पडावं म्हणून. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं आहे. पण तक्रारीचा निकाल लागायला साधारण दोन महिने. तोवर मे सुरू होतो आणि हापूस उतरणीला लागतो.

मग त्यांच्या वेबसाइटची आर्काइव्हमध्ये साठवलेली जुनी पानं उघडली. पहिल्या वर्षी एकच पान, कलमांचा एक धूसर फोटो. पुढे दर हंगामाला डझनाचा भाव, कुठल्या तारखेला माल निघणार, पिकायला किती दिवस ठेवायचा. एका वर्षी फक्त चार ओळी: अवकाळी पावसाने मोहोर गळला, यंदा जुन्या गिऱ्हाइकांनाच देता येईल, राग मानू नये. ते वाचताना बाजाराचा आकडा कुठून येतो ते मला दिसलं. तिसरा कोणी या नावाला ४० हजार देईल तो का? पेटीवर वाचून हे नाव टाइप करणारी माणसं आहेत म्हणून. ती माणसं यांनी १४ वर्षं आंबा देऊन जोडली. त्यांनीच भरलेली किंमत त्यांनाच विकायची कशी?

नुसता 'हापूस' हा शब्द कोणी घेऊन, न वापरता सोडला असता, तर जुन्या मालकालाही मी बाजारभावच सांगितला असता. तिथे त्याचं काही अडकलेलं नसतं. पण जिथे माणसाने नावात काम घातलं आहे, तिथे हिशेब वेगळा.

हे मला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाचं नाव माझ्याकडे आलं होतं. त्यांनी विचारलं, मी ६० हजार सांगितले. त्यांनी दुसरं नाव घेतलं. माझ्याकडचं कोणीच घेतलं नाही. दोन वर्षं मी त्याची फी भरली आणि सोडून दिलं. पुढे ते एका जुगाराच्या साइटने उचललं. वाचनालयाच्या पावत्यांवर ते नाव अजून छापलेलं असेल, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

शेवटी मी रिडम्प्शनचा दंड धरला. विसरण्याची किंमत व्यवस्थेनेच ठरवलेली आहे: बऱ्याच रजिस्ट्रारकडे ८० ते १०० डॉलर. सत्तराव्या दिवशी काकांना कळलं असतं, तर जेवढे भरावे लागले असते तेवढेच आज. ८,५०० रुपये. त्यात माझा खर्च निघतो आणि मेहनतानाही.

सकाळी फोन केला. ते काहीच बोलेनात. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मुलगा म्हणत होता, लाखापर्यंत थांबू नका." आणि फोन सुनेकडे दिला.

पुढचं काम तिनेच केलं. नवीन नोंदलेलं नाव ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, म्हणून माझ्याच रजिस्ट्रारकडे तिला खातं उघडायला लावलं, तिच्या नावाने, तिच्या मोबाइलवर. "दादा, मेल आमचा हाच देऊ ना, पेटीवरचा?" तिने विचारलं. मी जवळजवळ ओरडलोच. हाच नको. नाव बंद पडलं की त्यावरचा मेलही बंद पडतो आणि मुदतीची सूचना मिळायची वाटच उरत नाही. दुसरीही गोष्ट तिला सांगितली. नाव ज्याच्या हातात, त्या पत्त्यावर येणारं सगळं त्याच्या हातात: ऑर्डरी, बँकेची पत्रं, पासवर्ड बदलायचे दुवे. मी मेल सुरू केलाच नव्हता, त्यामुळे जानेवारीपासून आलेलं सगळं पाठवणाऱ्याकडे परत गेलं होतं. दुसऱ्या कोणी सुरू केला असता तर त्यांना कळलंही नसतं. तिने कोणकोणत्या बँकेत हा पत्ता दिलाय ते तिथेच मोठ्याने आठवायला सुरुवात केली. तीन निघाल्या.

दुपारी मी नाव तिच्या खात्यात ढकललं. जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत ठेवता येते, तिने तेवढी भरली.

रात्री साडेनऊला तिचा फोन. मेल चालू झाला होता. पहिला तिनेच पाठवलेला, 'चाचणी' एवढाच. दुसरा डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा: मागच्या आठवड्यात पाठवलेला परत आला, म्हणून पुन्हा पाठवतोय, पहिल्या तोडीच्या दोन पेट्या आमच्या नावाने ठेवा.